जाहीर नोटिशींची साडीचोळी: कोलाज, हक्कसोड आणि माझा भाऊ (मतं हवीत)

वाकळ

नमस्कार मंडळी, इथं बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. विषय थोडा घरचा आहे आणि थोडा चित्रांचा, दोन्ही वेगळं करता येईना म्हणून सगळंच सांगते.

मी कोल्हापुरात राहते, शाहूपुरीच्या खालच्या अंगाला, पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी जिथं आधी शिरतं तिथं. माहेर करवीर तालुक्यातच. शिवणकाम करते, ब्लाऊज स्पेशल, चोवीस वर्षं झाली. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर हातात ब्रश नाही, कात्री मात्र रोज.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा आमच्या घरात छातीभर पाणी होतं. ओसरल्यावर येऊन बघतो तर ट्रंकेतली सगळी कागदपत्रं भिजून एकाला एक चिकटलेली. शेजारच्यांच्या गच्चीवर बसून एकेक कागद सोडवला, त्या दिवसांच्या पेपरांत घालून टिपला आणि वर पाट ठेवला. चार दिवसांनी उघडलं तर माझ्या हक्कसोडपत्राच्या, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा सोडल्याच्या कागदाच्या, झेरॉक्सवर पेपरचा एक तुकडा घट्ट बसलेला. राखीपौर्णिमेची जाहिरात. त्या वर्षी राखीपौर्णिमा १५ ऑगस्टलाच होती, त्यामुळं एकीकडं पुराच्या बातम्या आणि एकीकडं राख्या असं चाललं होतं. साडीच्या दुकानाची जाहिरात ती, त्यात राखी बांधणारे दोन हात, नुसते हातच. आणि ते हात कुठं बसावेत तर 'मी माझे राजीखुशीने, कोणाचेही दडपणास बळी न पडता' या ओळीवर. त्याखाली माझी सही आणि अंगठा.

ओला कागद काढायला गेले आणि हात तिथंच थांबला. ते मी केलेलं नव्हतं, पाण्यानं केलेलं होतं, पण मला दहा वर्षं जे बोलता येत नव्हतं ते त्यात होतं.

सही २००९ सालची. आबा गेले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं लागली. माझं नाव तिथं सात महिने होतं. मग भावानं फोन केला, अमुक दिवशी ये, सही करायचीय. मी गेले, सही केली, फोटो काढला, अंगठा दिला. कुणी जबरदस्ती केली नाही हे मी शपथेवर सांगते. पण ताई तुला काय वाटतं असं विचारलंही नाही कुणी. घरी आल्यावर वहिनीनं ओटी भरली, हिरवी साडी आणि खण दिला. मला त्या दिवशी आनंदच झाला होता, रडूही आलं होतं, माहेर सुटलं नाही म्हणून. मग तलाठ्याकडं फेरफार होऊन माझ्या नावाला कंस पडला, म्हणजे सातबाऱ्यावरनं नाव कमी झालं.

तर पुरानंतर मी पेपरातल्या जाहीर नोटिसा कापून ठेवायला लागले. रोज येतात, छोट्या अक्षरात, आतल्या पानावर. भाषा तुम्हाला माहिती आहेच, 'तमाम लोकांस कळविणेत येते की', 'कोणाचाही कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध असलेस चौदा दिवसांचे आत कळवावे', 'मुदतीत हरकत न आलेस हक्क सोडून दिला आहे असे समजणेत येईल'. ती ओळ मी किती वेळा कापली असेल. श्रावण ते दिवाळी राखी, भाऊबीज, साड्या, दागिने यांच्या जाहिराती गोळा केल्या. दोन वर्षांत चार पिशव्या भरल्या.

त्यातनं एक कोलाज केलं, माउंटबोर्डवर, २२ बाय ३० इंच. नाव 'साडीचोळी'. साडीचं अंग सगळं नोटिशींचं, अक्षरं आडवी येतील असे तुकडे, निरीसाठी घडीच्या दिशेनं उभे फिरवले. काठ झेरॉक्समधल्या स्टँपच्या नक्षीचा. पदरावर जाहिराती, सगळ्या रंगीत. चोळी गाठीची आहे आणि ती सातबाऱ्याच्या उताऱ्याची, माझं कंसातलं नाव बरोबर गाठीत येईल अशी. ती गाठ जमायला मला तीन रविवार लागले. तुकडा वाचता आला पाहिजे आणि गाठही दिसली पाहिजे. कापडाला तिरकी पट्टी कापतो तसा उतारा तिरका कापला तेव्हा वळला.

८ मार्चला आमच्या बचत गटाचं छोटं प्रदर्शन होतं, लोणची, पापड, कुरडया, भरतकाम, तिथं भिंतीवर लावलं. बायका जवळ येऊन वाचत होत्या, दोघीतिघींनी बोट ठेवून वाचलं आणि काही न बोलता माझा हात धरला. संध्याकाळी भाऊ आला. चोळीपाशी उभा राहिला, वाचलं, चहा न घेता गेला. रात्री फोनवर एवढंच म्हणाला, "आक्का, तू मला चौकात उभं केलंस."

तेव्हापासून बोलणं नाही. मला विचारायचंय की याला चित्र म्हणायचं का, कारण हॉलमध्येच एक जण चिकटकाम छान आहे म्हणून गेले. दुसरं, घरचे कागद असे भिंतीवर लावायचा मला हक्क होता का? आणि तिसरं, निऱ्यांपाशी कागदाला फुगे यायला लागलेत आणि बोर्ड वाकलाय, त्याचं काय करू?

कात्री

वाकळताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, बाकीचं जाणकार देतील. चित्रच आहे, आणि त्याला शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. मी इथंच कलाशिक्षण घेतलं आणि आम्हाला कोलाज म्हणजे पिकासो आणि ब्राक, १९१२, वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रात चिकटवलं, एवढं एका पानात उरकलं होतं. तुमच्या कामाचं नातं मला तिथं नाही, त्यानंतर सातएक वर्षांनी बर्लिनमध्ये लागतं.

हाना ह्योख नावाची बाई होती. पहिलं महायुद्ध संपलेलं, राजेशाही गेलेली, रस्त्यावर मारामाऱ्या. ही एका मोठ्या मासिकांच्या कंपनीत नोकरीला, काम काय तर बायकांच्या अंकांसाठी भरतकामाचे, लेसचे नमुने काढायचे. त्याच अंकांतले, पेपरांतले फोटो कापून तिनं पावणेचार फूट उंचीचं एक कोलाज केलं, १९१९ साली सुरू केलं आणि १९२० च्या बर्लिनच्या 'दादा' नावाच्या बंडखोर कलाचळवळीच्या प्रदर्शनात लागलं. त्याच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातली सुरी आहे. मंत्री, सेनापती, नट्या, यंत्राची चाकं, सगळ्यांची डोकी इकडची तिकडं. आणि उजव्या कोपऱ्यात खाली युरोपचा एक बारका नकाशा, त्यात बायकांना मताचा अधिकार मिळालेले देश. त्याच्याच काठाला तिनं स्वतःचा चेहरा चिकटवलाय, अगदी नखाएवढा. तुमच्या चोळीच्या गाठीतलं कंसातलं नाव वाचलं आणि मला तो चेहरा आठवला.

दुसरा जॉन हार्टफील्ड, जर्मन चित्रकार. हा आपले फोटोमोंताज, म्हणजे फोटो कापून जोडलेली चित्रं, मासिकात छापायचा, म्हणजे पेपरातनं कापलेलं परत पेपरच्या स्टॉलवर. १९३५ चं एक आहे, हिटलरचा मंत्री गोरिंग भाषणात म्हणाला की लोखंडानं राष्ट्र बलवान होतं, लोणी-चरबीनं माणसं फार तर जाडी होतात. यानं काय केलं, एक कुटुंब जेवायला बसलंय आणि सगळे सायकलची साखळी, लोखंडी दांडा असलं काहीतरी खातायत, बाळ कुऱ्हाड चावतंय. चित्राखाली गोरिंगचंच वाक्य. वाक्यातला एक शब्द बदलला नाही, फक्त त्याला जेवणाच्या टेबलावर आणून बसवलं. तुमच्या 'असे समजणेत येईल' चं तेच आहे ताई. नोटीस वकिलानं लिहिली, छापली पेपरनं, तुम्ही फक्त तिला पदराशेजारी आणलं. म्हणूनच ते टोचतं. हाताने काढलेलं चित्र असतं तर तुमच्या भावाला म्हणता आलं असतं की तुझ्या मनाचं आहे.

आपल्याकडंही आहे हो. भूपेन खख्खरनं १९६५ साली मुंबईत जहांगीरला पहिलं प्रदर्शन केलं ते देवादिकांच्या बाजारातल्या छापील चित्रांचे तुकडे लावूनच. आणि बिनोदबिहारी मुखर्जी, दृष्टी पूर्ण गेल्यावर कागद कापून बोटांनी चाचपत कोलाज करायचे. त्यांचा विषय सामाजिक नव्हता, पण चिकटकाम म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना हे जरूर सांगा.

फोटो टाकाल का?

उसाचा_मळा

ताई राग मानू नका, मी तुमच्या भावाच्या बाजूनं बोलणार आहे कारण त्याच्या जागी मी आहे. मला तीन बहिणी, तिघींनी सह्या केल्यात. जमीन किती, दीड एकर. चार वाटण्या केल्या तर पंधरा पंधरा गुंठे, त्यात ऊस लावायचा का विहीर काढायची. आईवडिलांचं आजारपण मी काढलं, बहिणींची बाळंतपणं आमच्याकडं झाली, सणाला, आजारपणाला, भाच्यांच्या लग्नाला मीच उभा असतो. सोसायटीचं कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर. आमच्या शेजारच्या गावात बहिणीनं हिस्सा मागितला, मेव्हण्यानं तो विकला, आता तिथं प्लॉट पडलेत आणि भाऊ-बहीण एकमेकांच्या मयताला पण गेले नाहीत.

तुमच्या चित्रात साडी आहे, नोटीस आहे, राखी आहे. भाऊ कुठं आहे? त्याच्या हातावरचे घट्टे कुठं आहेत? तुम्ही कापून कापून जे लावलं ते सगळं खरं असंल पण जे लावलं नाही ते पण खरंच आहे की. मला कलेतलं काही कळत नाही, पण कात्री ज्याच्या हातात त्याचंच खरं हे मला पटत नाही.

कात्री

दादा, कलेतलं कळत नाही म्हणू नका, कोलाजवर घेता येणारा सगळ्यात खरा आक्षेप तुम्ही घेतलाय. कापणारा निवड करतो. हार्टफील्डसुद्धा करत होता, त्याचे कित्येक फोटो तर मुद्दाम मांडून काढून घेतलेले होते.

वाकळ

उसाचा मळा दादा, राग अजिबात नाही. तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं, भाऊच बोलतोय असं वाटलं. तो बोललाच नाही ना, म्हणून बरं वाटलं उलट.

मला जमीन नकोय. आत्ता त्यानं दिली तरी मी कसणार नाही, आणि त्यानं आईचं केलंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. माझं म्हणणं एवढंच की विचारायला हवं होतं. मी नाहीच म्हटलं असतं, पण ते माझं नाही झालं असतं. आणि मी हे तोंडानं बोलले असते तर घरात भांडण झालं असतं, लिहिलं असतं तर ते माझं गाऱ्हाणं झालं असतं. नोटिसा मी लिहिलेल्या नाहीत. त्या रोज प्रत्येकाच्या दारात पडतात, चहाबरोबर, आणि आपण त्यावरच भजी काढून ठेवतो. मला वाटलं त्या एकदा कुणी नीट वाचाव्यात.

फोटो टाकलाय, खाली गाठीचा जवळनं आहे. नावावर बोट ठेवलंय.

शाळेची_घंटा

मी हायस्कूलला चित्रकला शिकवतो. आमच्याकडं कोलाज म्हणजे रंगीत कागदाचे कपटे लावून मोर किंवा गणपती. एका वर्षी सातवीला वेगळं काम दिलं, आठवडाभर घरचा पेपर घ्यायचा, त्यातला प्रत्येक पुरुषाचा फोटो एका पाकिटात आणि प्रत्येक बाईचा दुसऱ्या पाकिटात. पुरुषांचं पाकीट सगळ्यांचं फुगलं. बायकांच्या पाकिटात साबण, दागिने, साड्या, नट्या, आणि एका मुलीच्या पाकिटात भावपूर्ण श्रद्धांजलीतल्या आज्ज्या. तिनं त्या सगळ्या आज्ज्या एका ओळीत लावल्या आणि मला विचारलं, सर यांचा पेपरात फोटो यायला मरावं लागतं का. मी त्या दिवशी पुढचा तास घेऊ शकलो नाही.

मुलांना मी काहीच सांगितलं नव्हतं, विषय दिला नव्हता. वाकळताई, तुमच्या चित्राचा फोटो मी वर्गात दाखवू का? नाव झाकून.

वाकळ

दाखवा सर. नाव झाकू नका, माझंच आहे. बाकीची दोन झाका.

खळ_आणि_दोरा

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, बुक बाइंडिंगमध्ये हयात गेली माझी.

फुगे येतायत कारण तुम्ही दोन जातीचे कागद एकत्र लावलेत. पेपरचा कागद पातळ आणि भुसभुशीत, ओल लागली की पसरतो. झेरॉक्सचा कागद त्यामानानं कडक, तो कमी पसरतो. दोन्ही शेजारी शेजारी ओले लावले आणि वाळताना दोघं आपापल्या चालीनं आकसले की मधे फुगा. उपाय असा की पेपरचा तुकडा लावायच्या आधी मागनं हलकासा ओला करून दोन मिनिटं पसरू द्यायचा, मग लावायचा, मधनं बाहेर अशी हाडाची पट्टी किंवा चमच्याची पाठ फिरवायची, कडेनं मधे कधीच नाही. वर बटरपेपर टाकून वजनाखाली रात्रभर.

बोर्ड वाकलाय तो एकाच बाजूला कागद लावल्यानं. पुढचा कागद वाळताना ओढतो, मागनं ओढणारं कोणी नाही, मग बोर्डची वाटी होते. आम्ही पुठ्ठ्याला आतनं कागद लावतो तो काय नुसता शोभेला नसतो. तुम्हीही मागच्या बाजूला तसाच कागद, तशाच खळीनं, पूर्ण लावा. तोच ओढून सरळ करेल. त्याला अस्तर म्हणा.

फेविकॉल पातळ करून लावला असेल तर पुढच्या वेळी मैद्याची खळ शिजवा, मंद आचेवर, सारखं हलवत, गुठळी राहता कामा नये, पारदर्शक झाली की उतरवा. चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे किडा, झुरळ लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे, पोराबाळांपासून लांब, आणि त्या भांड्यात परत स्वयंपाक नाही.

एक वाईट बातमी. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, उजेडात पिवळा पडतो आणि पुढं तुकडे पडतात. उन्हाच्या भिंतीला लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, परत सोडवता येणार नाही.

मंगळवार_पेठ

मी फ्लेक्स डिझाईन करतो, दिवसाला दहा-बारा. हा धागा वाचून रात्रभर डोक्यात घोळतंय की आपण पण कोलाजच करतो की मर्दा, रोज, आणि कधी तसं बघितलंच नाही. मधे साहेबांचा मोठा फोटो कट करून, वर गोलात मोठे साहेब, खाली शुभेच्छुकांची गोल गोल डोकी तीस-चाळीस. आता त्या डोक्यांचं गणित सांगतो, कोण वर, कोण खाली, कुणाचा गोल किती मोठा, यावरनं दुकानात भांडणं होतात. एक गोल बारका झाला म्हणून रात्री बाराला फ्लेक्स परत छापलाय मी. गावात कोण कुणाच्या मागं आहे ते फ्लेक्सवरनं कळतं, भाषण ऐकायची गरज नाही.

आणि ताई तुमच्या विषयाला धरून. स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण होऊन बरीच वर्षं झाली, २०११ पासनं. महिला राखीव वॉर्डाचा फ्लेक्स करायला पुरुषच येतात. सांगतात, मधे दादांचा मोठा टाका, बाजूला वहिनींचा बारका. मी विचारतो उमेदवार कोण, तर म्हणतात वहिनी. पासपोर्ट साईजचा फोटो आणतात, डोक्यावर पदर, नाव खाली 'सौ.' लावून, त्यात नवऱ्याचं नाव ठळक. हा प्रकार मी एकदा नाही, दरवेळी निवडणुकीत केलाय आणि पैसे घेतलेत, आता लिहिताना लाज वाटतीय.

माझ्याकडं उतरलेल्या फ्लेक्सचा ढीग आहे, ऊस आणि वैरणीवर झाकायला लोक नेतात. त्यातनं फक्त या सगळ्या वहिनींचे बारके फोटो कापायचे आणि एका मोठ्या फ्लेक्सवर मधोमध लावायचे, कडेनं बारीक गोलात सगळे दादा. कुणाला येऊन करायचं असेल तर दुकान रविवारी मोकळं असतं. चेहरे ओळखू येणार नाहीत असं करावं लागेल हे मला कळतंय, ते कसं करायचं ते कात्रीताईंनी सांगावं.

कात्री

डोळ्यांच्या पट्ट्या नको, त्या गुन्हेगाराला लावतात. चेहऱ्याच्या जागी त्याच फ्लेक्सवरचं 'सौ.' हे अक्षर मोठं करून लावलं तर? मी येते रविवारी. काम झालं की सांगू इथं.

सनद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, वकिली करते म्हणून. स्वतःच्या दस्ताची नक्कल दाखवणं हा तुमचा प्रश्न आहे, पण त्यात इतरांची नावं, फोटो, अंगठे, गट नंबर असतात, ते झाका. आधार नंबर असेल तर तो आधी झाका. मूळ दस्त कधीही कापू नका. तुम्ही झेरॉक्स वापरलीत हे उत्तम.

कायदा इथं अर्धवट माहिती असतो म्हणून थोडक्यात. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या वगळल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून, ती लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्यांना. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानंच येतो, त्या २००५ च्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. म्हणजे २००९ ला वाकळताई सही करत होत्या तेव्हा हक्क पूर्ण होता. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर नुसतं मन बदललं म्हणून मोडत नाही, दबाव किंवा फसवणूक सिद्ध करावी लागते. ज्यांच्या सह्या व्हायच्यात त्यांनी हे वाचून सही करावी, करायचीच असेल तर.

माझ्यासमोर सहीला आलेल्या बायकांना मी विचारते, कागद वाचला का. बहुतेक जणी आधी भावाकडं बघतात आणि मग माझ्याकडं.

उसाचा_मळा

काल धाकट्या बहिणीला फोन केला. सहीच्या दिवशी तुला काय वाटलं होतं विचारलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली आत्ता का विचारतोस. उत्तर दिलं नाही मला. एवढंच लिहायचं होतं.

वाकळ

मंडळी, आठ दिवस लिहायला जमलं नाही, लग्नसराईचे ब्लाऊज होते.

परवा भाऊ आला. उसाचा मळा दादांनी लिहिलेलं मी त्याला मोबाईलवर पाठवलं होतं, बाकी काही लिहिलं नव्हतं. आला आणि उंबऱ्यातच एक पिशवी ठेवली. म्हटलं काय आहे, तर म्हणाला बघ. आत उसाची बिलं, कारखान्याच्या तोडणीच्या पावत्या, खताच्या पावत्या, सोसायटीच्या थकबाकीच्या दोन नोटिसा, पाणीपट्टी, आणि आईच्या दवाखान्याची बिलं, २०११ पासनंची. सगळी वर्षवार रबर लावून. बरीचशी पुरात भिजून वाळलेली, कडा तपकिरी. म्हणाला, "लावायचंच असलं तर हे पण लाव. आणि माझं नाव झाकू नको, तुझं झाकलेलं नाहीस."

चहा घेतला या वेळी. चित्राकडं बघितलं, गाठीवर हात ठेवला आणि विचारलं, हे वळवलंस कसं. तिरकी पट्टी कापावी लागते म्हटलं.

आता माझी अडचण अशी आहे. खळ काकांनी सांगितलं तसं मागनं अस्तर लावायचंच आहे, नाहीतर बोर्ड सरळ होत नाही. पहिल्यांदा वाटलं या पावत्यांचंच अस्तर लावावं, त्यांनीच पुढचं ओढून धरलंय म्हणून. दोन रात्री तेच डोक्यात होतं. पण अस्तर मागं असतं, भिंतीला लागलं की दिसत नाही, आणि न दिसण्याचंच तर सगळं दुखणं आहे, माझंही आणि त्याचंही. म्हणून अस्तराला कोरा कागद लावणार. पावत्या पुढंच येणार, साडीच्या खाली जमीन म्हणून. त्यासाठी बोर्ड मोठा लागेल, साडी उतरवून परत बसवावी लागेल. नोटिसा फेविकॉलनं लावल्यात, त्या निघताना फाटणार हे मला माहिती आहे. कापलेल्या आहेत अजून दीड पिशवी.

काका, नवीन बोर्ड कितीचा घेऊ? आणि भिजून वाळलेल्या पावत्या परत ओल्या केल्या तर शाई पसरेल का?

खळ_आणि_दोरा

३० बाय ४० चा घ्या, जाड. छापील बिलांची शाई टिकेल, पेननं लिहिलेली आणि रबरी शिक्क्याची पसरेल. एका कोपऱ्याला ओल्या कापसाचं बोट लावून बघा, निळं उतरलं तर त्या पावतीची आधी झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स लावा. थर्मल कागदाची बिलं असतील, दवाखान्याची असतात, ती तर आजच झेरॉक्स करा, ती न भिजताही पुसट होतात. साडी उतरवताना गरम पाण्याच्या फडक्यानं शेकत शेकत काढा, घाई नको. गाठ मात्र सोडवू नका. त्या जागेचा बोर्डच कापून घ्या आणि तसाच नव्यावर बसवा.

वाकळ

होय काका. दवाखान्याची तेरा पुसट झालीयत, आत्ताच चाललेय झेरॉक्सला.